चार घोड्या

निहार, परवा तू व्हिडिओ कॉल केलास तेव्हा फोन माझ्या नातसुनेच्या, इराच्या हातात होता आणि मला पडद्यावर तुझे फक्त पाय दिसत होते. निळे मोजे, त्यातल्या एकाला टाचेशी भोक. बाकीचा तू त्या बुटक्या लाल गाडीच्या पोटाखाली होतास आणि तिथूनच विचारत होतास, "आजी, तुझे बाबा इंजिनिअर होते ना? मग सांग, जॅक दोन टनांचा घेऊ की तीन टनांचा? हा शेजाऱ्याचा आणलाय." इरा हसत होती. मी त्या जॅककडे पाहत होते. गाडी त्याच्यावर उभी होती आणि त्याच्याशिवाय तिच्याखाली दुसरं काहीही नव्हतं. मी "बाहेर ये" म्हणून ओरडले ते इतक्या मोठ्यानं, की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं ते विचारायला वर आल्या. तू बाहेर आलास, काळा चेहरा पुसत म्हणालास, "रिलॅक्स, आजी." मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, म्हातारी रागावली. रागावले नव्हते, फोन ठेवला तो ही वही उघडायला. या वहीत मी माझं सगळं आयुष्य क्रमानं लिहायचं ठरवलं आहे आणि क्रमानं अजून मी शाळेतच आहे, लग्नाला अवकाश आहे. तरी हे प्रकरण मध्येच घालते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

आम्ही कोपरगावकडे एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या वर्कशॉपचे इंजिनिअर होते. मी नगरच्या मिशन शाळेच्या वसतिगृहात शिकायला होते, त्यामुळे घर मला आठवतं ते सुट्ट्यांमधलं. हंगाम चालू असला की तिथे रात्रंदिवस घरघर असायची, पाळी बदलताना भोंगा व्हायचा, मळीचा आंबूस वास उशीच्या अभ्र्याला सुद्धा यायचा. पण मी उन्हाळ्याला यायची तेव्हा कारखाना बंद पडलेला असायचा. ऊसतोडीवाली माणसं आपापल्या गावी परतलेली, बैलगाड्यांचा तळ मोकळा, चिमणीतून धूर नाही. हंगामात त्या आवाजात आम्ही सगळे ओरडून बोलायचो. उन्हाळ्यात शांतता झाली तरी ती सवय पहिले काही दिवस जायची नाही, आणि आई म्हणायची, "हळू बोला, भिंती दचकतात." दुपारी हुलग्याची शेंगोळी नाही तर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन सगळी कॉलनी झोपायची. मला झोप यायची नाही. मी शेडमध्ये जायची.

शेडमध्ये गाडी होती. हिरवी, उघडी, दोन माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, लांब नाकाची. रस्त्यानं जाताना कोंबड्या तिच्याकडे मान वाकडी करून बघायच्या. अण्णांनी ती नगरच्या कॅम्पातल्या एका बाईंकडून घेतली. त्यांचे मिस्टर लष्करातून निवृत्त झालेले होते आणि आता नव्हते. आई गाडीकडे पाहून म्हणाली, "घरात माणसं तीन आणि जागा दोघांना. तिसरीनं काय बॉनेटवर मांडी घालून बसायचं?" अण्णा म्हणाले, "तू बस पुढं. बेबी डिकीत मावते." बेबी म्हणजे मी. वर्कशॉपचे जुने फिटर हुसेनचाचा गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "साहेब, बसायला दोन शिटा आन् दुरुस्तीला चार मानसं. ही गाडी न्हाई, जावई हाय."

गाडी आणायला अण्णांबरोबर मीही गेले होते. अण्णा आणि हुसेनचाचा गाडी ट्रकला बांधत होते तेव्हा त्या बाईंनी मला व्हरांड्यात बसवलं आणि बशीत बिस्किटं दिली. मी मिशन शाळेची म्हटल्यावर त्या माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागल्या, अगदी मोठ्या माणसाशी बोलावं तसं. त्यांनी विचारलं, "तुझे वडील स्वतः गाडीखाली जातात?" मी अभिमानानं हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "खाली गेलं की माणसाला हाक ऐकू येत नाही. मी ह्यांना जेवायला बोलवायची तेव्हा जाऊन डावा घोटा दोनदा ओढायची. दोनदा म्हणजे बाहेर या. त्या दिवशीही जाणारच होते. पण हाताला पीठ होतं, कढई तापली होती. मला आवाज आला, हुस्स असा. मला वाटलं, कढईतलाच." मग त्यांनी माझ्या बशीत अजून एक बिस्किट ठेवलं. तितक्यात अण्णांनी हाक मारली. गाडीबरोबर जॅक आला होता, जाडजूड, विलायती, पितळी टोपीचा. बाई व्हरांड्यातून खाली आल्या नाहीत.

हे मी अण्णांना सांगायला हवं होतं. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये अण्णा शीळ घालत होते. मी त्यांना शीळ घालताना आधी कधीच ऐकलं नव्हतं. म्हणून गप्प बसले.

आता हत्यारांविषयी, निहार, कारण तू मला वस्तूंची हातभर यादी पाठवली आहेस आणि त्यातलं निम्मं अण्णांनी फेकून दिलं असतं. गाडीचे सगळे नट इंचाच्या मापातले होते. वर्कशॉपमधले मिलिमीटरच्या मापाचे पाने त्यांना बसल्यासारखे वाटायचे, पण जोर दिला की सरकायचे आणि नटाचे कोपरे खायचे. अण्णांनी महिनाभर एकही नट सोडला नाही. मुंबईला माणूस पाठवून जुन्या बाजारातून नेमके पाने मिळवले, आणि तेही तोंडउघडे थोडे, गोल डोक्याचे जास्त, कारण गोल पाना नटाला सगळीकडून धरतो. "हत्यार कमी असावं, पण सैल नसावं," असं त्यांचं म्हणणं. मी एक फळी रंगवून घेतली, तिच्यावर प्रत्येक पाना ठेवून भोवती रेघ काढली आणि खिळे ठोकले. काम संपलं की फळीकडे एक नजर टाकायची. रेघेच्या आत काही नसेल तर पाना इंजिनात राहिला. अण्णांनी ती फळी पाहिली आणि हुसेनचाचांना म्हणाले, "बघा, हिला वर्कशॉप दिलं असतं तर आपली निम्मी भांडणं मिटली असती."

उचलण्याच्या सामानाबाबत तर ते फारच कडक होते. शेडच्या वाशाला चेन-पुली टांगायला त्यांनी साफ नकार दिला. वासा पत्र्याचं वजन धरतो, गाडीचं नाही. त्यांनी आधी चार घोड्या करून घेतल्या. तुम्ही ज्याला जॅक स्टॅण्ड म्हणता त्यांना वर्कशॉपमध्ये घोड्या म्हणत. तीन पायांच्या, जाड पाइपाच्या, वरती गाडीची चौकट बसेल अशी खाच. साखरेची भरलेली पोती एकावर एक रचून त्यांनी प्रत्येक घोडीवर गाडीच्या वजनाहून जास्त भार आठवडाभर ठेवला. मग गाडी त्यांच्यावर गेली. नियम दोनच होते. जॅकनं उचलायचं, घोडीनं धरायचं, त्यांची कामं बदलायची नाहीत. आणि खाली जाण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी गदगदा हलवून बघायचं. हलली तर जायचं नाही.

जॅक मात्र हुसेनचाचांना पहिल्या दिवसापासून आवडला नाही. "ह्यो उसासं टाकतो, साहेब. लोखंडानं उसासं टाकू न्हाई." अण्णा हसले, पण तपासून बघायचं ठरवलं. घोड्या मुद्दाम दोन इंच खाली ठेवून गाडी जॅकवर सोडली आणि जॅकच्या दट्ट्यावर खडूनं खूण करायचं काम मला दिलं. सकाळभर गाडी केसभरही उतरायची नाही. दोन वाजून गेले, कॉलनी निजली, की शेडमधून हलकेच आवाज यायचा, हुस्स. मी जाऊन बघायची तो गाडी दोन बोटं खाली आलेली असायची. अण्णा म्हणाले, उन्हानं तेल पातळ होतं. मग त्यांनी तोच जॅक बाकावर ठेवून त्याच्यावर तेवढंच लोखंड रचलं. बाक त्याच शेडमध्ये, त्याच पत्र्याखाली, त्याच उन्हात. तीन दिवस जॅक हलला नाही. गाडीखाली ठेवला, पुन्हा दोन बोटं. अण्णांनी आतलं वॉशर बदललं, तेव्हा दोन बोटांचं एक बोट झालं. त्यावर ते समाधान मानून राहिले. धरायला घोड्या होत्याच.

एकदा मी त्या वेळी शेडमध्ये खूण करत होते आणि मला तळणाचा वास आला. ताज्या तेलाचा, पिठाचा. मी घरात गेले. चूल विझून तास झाला होता आणि आई पंख्याखाली झोपली होती. मी परत आले तेव्हा गाडी उतरलेली होती.

दसऱ्याच्या सुट्टीत मी पुन्हा घरी आले. कारखाना जागा व्हायला लागला होता. बॉयलर पेटवायची तयारी चालली होती, भोंगा मध्येच चाचणीसाठी अर्धवट वाजून थांबायचा. अण्णांनी गाडीचं नाक वर घेतलं होतं. पुढच्या बाजूला दोन घोड्या, मध्ये जॅक नुसता टेकवलेला. बाकीच्या दोन घोड्या कोपऱ्यात. स्टिअरिंगचा नवा सांधा त्यांनी आदल्याच दिवशी बसवला होता आणि खूप खूश होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि एकाही हत्याराला कामासाठी हात लावायचा नसतो. वर्कशॉपमधली मोठी पूजा अण्णा करायचे, घरातली मांडायची मी. हुसेनचाचा आदल्या संध्याकाळी झेंडूची पाटी घेऊन आले आणि मला म्हणाले, "बेबीताई, समदी मांडा बरं का. पूजेतनं ऱ्हायलेलं हत्यार रुसतं. मग वरीसभर बोटं कापतं."

मी सकाळी फळीवरचे सगळे पाने उतरवले, रॉकेलनं धुतले, पुसून पडवीत पाटावर उंचीनं लावले. हातोडे, पक्कड, करवत, तेलाची बुधली, अगदी पंक्चरची पेटीसुद्धा. फळीवर सगळ्या रेघा रिकाम्या झाल्या. मग यादी वाचली, खूण करत गेले, आणि शेवटी लिहिलं होतं, घोड्या चार. कोपऱ्यातल्या दोन आणल्या. दोन गाडीखाली होत्या. चारांतल्या दोन मांडणं माझ्या हातून होईना. मला जॅक चालवता येत होता. मी दांडा मारला, गाडी दोन इंच उचलली, दोन्ही घोड्या ओढून काढल्या. हिशेबही केला होता. एका दुपारीत एक बोट उतरते, म्हणजे अर्ध्या तासात काहीच नाही. जॅकला तिथंच कुंकू लावायचं, आरती झाली की घोड्या परत लावायच्या. इतकी नीटनेटकी चूक मी पुढं आयुष्यात कधी केली नाही.

पण वर्कशॉपच्या पूजेला पाहुणे आले होते, अण्णांना उशीर झाला. आईनं मला कडाकण्या लाटायला बसवलं. घटावर बांधायच्या त्या कडक गोड पुऱ्या आमच्याकडे नवमीला तळायच्या असत. मी लाटत होते, आई तळत होती, कढई सारखी चर्र करत होती. दोन वाजून गेले. शेवटी आई म्हणाली, "पुरे आता, हात धू आणि हळदीकुंकू लावून घे तोवर. तुझे वडील आले की लगेच आरती." मी हात साबणानं धुतले, पुसले आणि पडवीत जाऊन एकेका हत्याराला हळदीकुंकू लावायला लागले. घोड्या शेवटच्या. चौथीला बोट लावताना मी सहज वर पाहिलं. पाटावरचं पंचपात्र आणि कुंकवाची छोटी वाटी जागेवर नव्हती.

"आई, अण्णा आले?" मी विचारलं.

"मघाशीच. शेडमध्ये गेले बघ वाटी घेऊन," आई कढईवरून मान न वळवता म्हणाली. "म्हणतात, गाडीच्या तोंडाला सगळे कुंकू लावतात, पोटाला कोण लावणार?"

अण्णांचा तो नियम, गाडी गदगदा हलवून बघायचा, कामाचा होता. ते कामाला गेले नव्हते, पूजेला गेले होते. धोतर नेसलेलं, एका हातात पंचपात्र, एका हातात कुंकू. उन्हातून अंधाऱ्या शेडमध्ये शिरलेले, जमिनीवर गोणपाट टाकून सरळ पाठीवर आत सरकलेले. मी हातातली घोडी तशीच छातीशी धरून धावले. शेडच्या दारात पोचले आणि थबकले. गाडीखालून त्यांचे अनवाणी पाय दिसत होते, घोट्यापर्यंत. आतून काहीतरी गुणगुणणं ऐकू येत होतं. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि आठवलं, खाली हाक ऐकू येत नाही. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर उभी होते, हे मी आजही शपथेवर सांगेन.

त्यांचा डावा पाय हलला. ओढल्यासारखा, जरासा. मग पुन्हा एकदा.

"आलो, आलो," अण्णा आतून म्हणाले. ते सरकत बाहेर आले, उठून बसले, आणि समोर न बघताच हसत बोलले, "अगं किती जोरात ओढतेस! आणि हात तरी पुसायचे. बघ, पीठ लागलं." त्यांच्या डाव्या घोट्यावर पांढरी बोटं उमटली होती, चार एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या.

तेवढ्यात त्यांच्यामागे आवाज आला, हुस्स. लांब, संथ, आत कोंडलेला श्वास कोणीतरी शेवटी सोडावा तसा. गाडीचं नाक एका दमात जमिनीला टेकलं आणि आतलं पंचपात्र चेपल्याचं ऐकू आलं.

अण्णांनी वर पाहिलं. मी दारात. माझ्या हातात घोडी, घोडीच्या कपाळी कुंकू, माझी दहाही बोटं हळदीकुंकवानं लाल-पिवळी. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या घोट्याकडे. घराच्या मागच्या खिडकीतून आई दिसत होती, आमच्याकडे पाठ, हातात झारा, कढई चर्र चर्र वाजत होती. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं घोटा सावकाश पुसला. बराच वेळ पुसत होते.

"तूच काढल्यास?" त्यांनी घोडीकडे बोट दाखवून विचारलं.

मी मान हलवली.

"पूजेला?"

मी पुन्हा मान हलवली आणि तेव्हा रडू फुटलं. ते उठले, माझ्या हातातली घोडी घेऊन खाली ठेवली आणि म्हणाले, "आईला सांगायचं नाही."

"यातलं काय?"

"काहीच."

आरती झाली. आईनं विचारलं, पंचपात्र कुठं गेलं, तर अण्णा म्हणाले, गाडीनं प्रसाद म्हणून ठेवून घेतलं. आई म्हणाली, "बघा, जावई म्हणाले होते ना हुसेनभाई!" आणि आम्ही दोघं हसलो. कडाकण्या मी पानातच ठेवल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हत्यारं मोकळी झाली तेव्हा हुसेनचाचांनी जॅक उघडला. त्यांना अण्णांनी एवढंच सांगितलं होतं, की जॅक बसला. आतलं वॉशर त्यांनी चिमटीत धरून उजेडात नेलं. त्याच्या शेवया झाल्या होत्या. तेल चमचाभर. "साहेब, ह्यो कवापासनं असाच हाय. ह्यानं सायकल बी धरली नसती," ते म्हणाले. "नवमीला गाडी कशावर हुती?" हुसेनचाचांनी एकदा अण्णांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, जॅक आपल्या खांद्यावरच्या फडक्यात गुंडाळला आणि भंगाराच्या भट्टीकडे घेऊन गेले. माझ्या फळीखालच्या कप्प्यात त्याचीही रेघ होती. अण्णांनी नवा जॅक आणला, पण त्या रेघेत ठेवला नाही. ती जागा रिकामीच राहिली.

पुढं दर खंडेनवमीला अण्णांनी एक नवा रिवाज पाडला. घोड्या पडवीत यायच्या नाहीत. ताट घेऊन आपण त्यांच्याकडे जायचं, त्या जिथं असतील तिथं, ज्या भाराखाली असतील त्यासकट. पहिलं कुंकू त्यांना, मग बाकीच्यांना. आईला वाटायचं, इंजिनिअरचं काहीतरी खूळ.

त्या बाईंनी मला व्हरांड्यात काय सांगितलं होतं, ते मी अण्णांना शेवटपर्यंत सांगू शकले नाही. आधी शिळेसाठी गप्प बसले, नंतर भीतीनं. त्या बाई त्या दिवशी नगरलाच होत्या, जिवंत, आपल्या घरी. पुढं कितीतरी वर्षं नववर्षाचं कार्ड पाठवत होत्या आणि प्रत्येक कार्डात एकच चौकशी असायची, गाडी कशी आहे. घोटा कोणी ओढला, ते मला माहीत नाही. त्याच पिठाच्या हातांना एकदा उशीर झाला होता, एवढं माहीत आहे. म्हातारपणी मला कधीकधी वाटतं, तो उशीरच कुठंतरी थांबून राहिला असेल, भरून निघायची वाट बघत.

तेव्हा निहार, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जॅक दोन टनांचा घे की तीन टनांचा, मला फरक पडत नाही. आधी घोड्या घे, चार, आणि त्या घरी आल्याशिवाय कोणत्याही जॅकचं तोंड बघू नकोस. पाना नेमका बसणारा घे. खाली जाण्याआधी गाडी दोन्ही हातांनी हलव, अंगावर कोणतेही कपडे असोत, कोणताही सण असो. इरा, त्याला जेवायला बोलवायचं असेल तर हाका मारू नकोस, त्याला ऐकू येणार नाही. डावा घोटा ओढ, दोनदा.

आणि निहार, खाली असताना कधी तुझा घोटा दोनदा ओढला गेला, तर कोण आहे ते विचारत बसू नकोस. इरा घरात नाही, हे तुला पक्कं ठाऊक असेल, तरीसुद्धा आधी बाहेर ये.